नोटांच्या छापखान्यातून निघालेली गोष्ट

सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांच्या घरी मुलांसाठीचं, चित्रांचं एखादं तरी ‘रशियन पुस्तक’ असायचं. लोकवाङ्मय गृहातून नाहीतर गावात भरलेल्या प्रदर्शनातून थोडक्या पैशांत आणलेलं. पाठ्यपुस्तकाच्या पातळ, पाठचं छापील दिसणाऱ्या कागदाची सवय झालेल्या हातांना ते पानभर रंगीत चित्र म्हणजे चैनच होती. ‘प्रचारासाठी स्वस्तात विकतात,’ असं मोठी माणसं म्हणत. किमतीपुरतं ते खरंही होतं. चित्रांचं घराणं मात्र सोव्हिएत सत्तेहून जुनं.

१९०१ पासून सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान बिलिबिन या तरुण चित्रकाराची लोककथांची पुस्तकं निघू लागली. ती छापली सरकारी छापखान्याने, जिथे झारच्या नोटा छापल्या जात. म्हणजे बारीक रेघ जराही हलू न देणारे कारागीर हाताशी होते. मोठ्या आकाराची, जेमतेम डझनभर पानांची पुस्तकं. चित्राभोवती नक्षीची चौकट, ठळक काळी रेघ आणि आत सपाट रंग. लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांचा संस्कार लपत नाही. क्रांतीनंतर बिलिबिन देशाबाहेर पडला, इजिप्त आणि पॅरिसला राहून १९३६ मध्ये परतला आणि १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्याच) वेढ्यात उपासमारीने गेला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याच शहरात उलटाच प्रकार घडला. कवी सामुइल मार्शाक आणि चित्रकार व्लादिमिर लेबेदेव या जोडीने नक्षी, चौकट, सावली सगळं काढून टाकलं. लेबेदेव भित्तिपत्रकं करून तयार झालेला. १९२५ च्या त्यांच्या सर्कशीच्या पुस्तकात विदूषक आणि कसरतपटू हे रंगाचे साधे तुकडे आहेत, मागे नुसता कोरा कागद. मला विचाराल तर मुलांच्या पुस्तकात पान रिकामं ठेवायला सगळ्यात जास्त धाडस लागतं. ही मंडळी ज्यावरून छपाई व्हायची त्या लिथोच्या दगडावर बऱ्याचदा स्वतःच चित्र काढत, त्यामुळे खडूचा खरखरीतपणा थेट पानावर उतरे.

ते फार काळ टिकू दिलं नाही. ‘शास्त्रीय’ शिक्षणवाल्यांना मुळात परीकथाच नकोशा होत्या; १९२८ मध्ये लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी ‘प्रावदा’ या पक्षाच्या वर्तमानपत्रात बालकवी कोर्नेय चुकोव्स्कीच्या मगरीच्या कवितेवर टीकेची झोड उठवली. मार्च १९३६ मध्ये त्याच वर्तमानपत्राने लेबेदेवसारख्यांना ‘रंग फासणारे’ ठरवलं. प्रयोग थांबले, आणि ओळखीचे, गोंडस, कपडे घातलेले प्राणी पुढे आले.

पण त्या प्राण्यांनाही हिणवू नये. चित्रकार येवगेनी राचेव्हची १९५१ ची ‘हातमोजा’ बघा. बर्फात पडलेल्या एका मोज्यात उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर, शेवटी अस्वल. पान उलटावं तसं त्या मोज्याचं घर होत जातं. कुठे खिडकी फुटते, कुठे धुराडं येतं. मजकुरात यातलं काहीच नाही, सगळं चित्रकाराच्या पदरचं. आणि ही गोष्ट रशियन नव्हे, युक्रेनी आहे. प्राण्यांच्या अंगावरचे कपडेही तिकडचेच. आपण मात्र सगळ्यांवर एकच ‘रशियन’ शिक्का मारून मोकळे झालो.

मराठीत ही पुस्तकं आली ती मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाकडून आणि पुढे १९८२ मध्ये निघालेल्या रादुगाकडून. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. चुकोव्स्की आणि मार्शाकची सुरुवातीची पुस्तकं काढणाऱ्या लेनिनग्राडच्या एका खासगी प्रकाशनाचं नावही हेच; ते १९३० च्या सुमारास बंद पडलं होतं. अनुवादही तिकडेच होत. अनिल हवालदार यांनी मॉस्कोत राहून थेट रशियनमधून केलेली भाषांतरं इथे घरोघरी पोचली. त्यातल्या गोष्टींमधला देनिस नावाचा मॉस्कोतला खोडकर पोरगा इथल्या मुलांना शेजारच्या बिऱ्हाडातला वाटला, ते त्या मराठीमुळे.

१९९१ मध्ये देशच उरला नाही आणि नवा माल यायचा थांबला. आता अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती सापडतात. माझ्याकडची ‘हातमोजा’ मात्र रद्दीवाल्याकडून मिळालेली, रशियन भाषेतली. एक अक्षर वाचता येत नाही. भाची आली की तीच मला गोष्ट सांगते. दर वेळी थोडी वेगळी असते, पण धुराडं कुठल्या पानावर आलं ते तिला बरोबर ठाऊक असतं.