आय-सेव्हन म्हणजे आय-थ्रीपेक्षा भारीच?

"गेमिंगचा पीसी घेताय? आय-सेव्हनच घ्या, आय-थ्रीवर गेम चालत नाहीत." हा सल्ला सांगलीत कॉलेजच्या पोरांपासून नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय.

आय-थ्री, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे पीसीच्या मुख्य चिपची, नावं. सल्ला अगदीच हवेतला नाही. एकाच पिढीतले दोन डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर आय-सेव्हन वरचढच. गोची होते ती पिढी बदलली की. २०११चा आय-सेव्हन २६०० घ्या: ४ कोअर (चिपमधले काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२च्या आय-थ्री १२१०० मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच, पण त्याचा एकेक कोअर कितीतरी वेगवान. गेमला नेमकं तेच लागतं.

मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाचं, गणित तर आणखी वेगळं. २६०० बसतो ११५५ सॉकेटवर (बोर्डवरची प्रोसेसरची जागा), रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची. पुढे वाढवायला फारसा वाव नाही, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीतही तो नाही. १२१०० साठी १७०० सॉकेटचा साधा एच६१० बोर्ड पुरतो. बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावर १३व्या-१४व्या पिढीचा आय-फाइव्हही बसतो. ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोय असलेला महागडा झेड मालिकेचा बोर्ड इथे कशाला? १२१०० ओव्हरक्लॉकिंगसाठी खुलाच नाही.

दुकानात मशीन चालू करून सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा. २६०० मधला सुरुवातीचा २ म्हणजे दुसरी पिढी, १२१०० मधला १२ म्हणजे बारावी. क्रमांकाच्या शेवटी एफ असेल तर ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, हेही तिथेच विचारून घ्या.

घरी गेम अडखळत असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर बघा. जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर अडलंय ग्राफिक्स कार्डापाशी. प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही.