ट्रायक्लोरो: धातूवरचं तेल काढण्याच्या धंद्यामागचा इतिहास

अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनवर, म्हणजे धातूवरचं तेल विरघळवून काढणाऱ्या द्रवावर, बंदी घालणारा अंतिम नियम निघाला. त्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं आणि काही वापरांना आधीच लांबच्या मुदती दिलेल्या होत्या. युरोपात हे रसायन 21 एप्रिल 2016 पासून खास परवानगी घेतल्याशिवाय वापरता येत नाही. भारतात ते आजही मिळतं आणि वापरलंही जातं. गेल्या शंभर वर्षांत तेल काढण्याच्या टाकीतला द्रव चार-पाच वेळा बदलला. टाकीचं तोंड मात्र बहुतेक ठिकाणी उघडंच राहिलं, आणि ही पार्श्वभूमी मांडण्यामागचं कारण तेच आहे.

धातूचा पृष्ठभाग तयार करण्याची कला आपल्याकडे जुनीच. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, त्याचा पांढरा धूर होतो, तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि मगच कथील धरतं. तो धूरही माणसाच्या नाकातोंडातच जात होता. पण कारखान्यातला प्रश्न वेगळा होता: एकेका पाळीत हजारो जॉब (घडवलेले धातूचे भाग), प्रत्येकावर कटिंग ऑइल, आणि पुढे प्लेटिंग किंवा रंग. सुरुवातीला रॉकेल, नॅफ्था, बेंझीन, पेट्रोल हेच वापरात होतं. चिंधी बुडवायची आणि पुसायचं. आगी लागायच्या.

क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट्सना (तेल विरघळवणाऱ्या द्रवांना) कारखान्यात मान मिळाला तो या आगींमुळे. कार्बन टेट्राक्लोराइड एकोणिसाव्या शतकातच तयार झालं होतं. ते पेट घेत नाही, उलट आग विझवायलाच वापरलं जात होतं. ट्रायक्लोरोइथिलीनचं व्यापारी उत्पादन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं. मग 1930 च्या दशकात अमेरिकेत वेपर डिग्रीझर, म्हणजे वाफेनं तेल काढणारी टाकी, रूढ झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानं आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी तो सर्वत्र नेला.

त्या यंत्राची युक्ती खरोखर सुंदर आहे. ट्रायक्लोरोइथिलीन 87 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ हवेच्या साडेचार पट जड असते, म्हणून ती टाकीतच तळ्यासारखी साचून राहते. वरच्या कडेला थंड पाण्याची कॉइल असते. थंड जॉब वाफेत सोडला की त्याच्यावर वाफेचं दव पडतं आणि ते तेल घेऊन खाली गळतं. जॉब वाफेइतका तापला की दव पडणं आपोआप थांबतं आणि तो कोरडा वर येतो. प्रत्येक जॉबला मिळणारा द्रव नव्यानं ऊर्ध्वपातित झालेला, म्हणजे ताजा. पाण्यानं धुऊन हे साधत नाही.

पण हे तळं शांत राहिलं तरच. जॉब झपकन वर ओढला, जवळ पंखा लावला, खोलगट जॉब उपडा न टांगता उताणा टांगला, की वाफ बाहेर येते आणि ती श्वासात घेणारा माणूस टाकीच्या काठावरच उभा असतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत या वाफेचं फॉस्जिन हा विषारी वायू होऊ शकतं.

वाफेनं माणसाला काय होतं हे उशिरा कळलं, असं म्हणायची सोय नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातच जर्मनीत काही कामगारांच्या चेहऱ्याची संवेदना गेल्याची नोंद झाली. त्यावरून धडा कोणता घेतला गेला? चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेवर हेच रसायन औषध म्हणून हुंगवलं गेलं. ब्रिटनमध्ये 1940 च्या दशकापासून प्रसूतीच्या वेळी भूल म्हणून ते दिलं जाऊ लागलं. दवाखान्यात चालतं ते कारखान्यात का चालू नये, हा युक्तिवाद त्यामुळे बरीच वर्षं टिकला. अमेरिकेत भूल म्हणून आणि कॉफीतलं कॅफीन काढण्यासाठी त्याचा वापर थांबला तो 1977 मध्ये, उंदरांच्या यकृतात गाठी दिसल्यानंतर.

आता या इतिहासातला खरा गुंता, म्हणजे एक शब्द.

कारखान्यात ‘ट्रायक्लोरो’ म्हटलं की दोन वेगळे द्रव डोळ्यांसमोर येऊ शकतात. एक ट्रायक्लोरोइथिलीन आणि दुसरा 1,1,1-ट्रायक्लोरोइथेन, ज्याला मिथाइल क्लोरोफॉर्म असंही म्हणतात. दोन्हींत दोन कार्बन आणि तीन क्लोरीन. फरक एवढाच की इथिलीनमध्ये कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. इथेनमध्ये तो एकेरी असतो आणि दोन हायड्रोजन जास्त असतात. दोन्ही रंगहीन, गोडसर वासाचे, तेल झटकन विरघळवणारे. इंग्रजी आद्याक्षरांत एकाचं टीसीई होतं, दुसऱ्याचं टीसीए. त्यात आणखी भर म्हणजे 1,1,2-ट्रायक्लोरोइथेन नावाचं तिसरंच रसायन आहे आणि ते 1,1,1 पेक्षा बरंच विषारी आहे. ड्रमवरचं लेबल फाटलेलं असेल, सॉल्व्हंट सुट्या कॅनमधून आलं असेल, तर टाकीत नेमकं काय आहे हे टाकीवाल्याला ठाऊक असण्याची शक्यता फारच थोडी.

या एका दुहेरी बंधानं दोनदा इतिहास फिरवला, आणि दोन्ही वेळा उलट दिशेनं. बंध असल्यामुळे ट्रायक्लोरोइथिलीन हवेत काही दिवसांतच मोडतं आणि मोडताना धूरकं तयार व्हायला मदत करतं. लॉस एंजेलिस काउंटीनं 1966 साली धूरक्याला कारण ठरणाऱ्या सॉल्व्हंट्सवर नियम आणला, त्यात ते सापडलं. उद्योग मग 1,1,1-ट्रायक्लोरोइथेनकडे वळला. ते 74 अंशांना उकळतं, कमी विषारी आहे आणि हवेत सहज मोडत नाही. स्थिरक नसलेलं 1,1,1 अ‍ॅल्युमिनियमशी जोरात विक्रिया करतं, म्हणून त्यात 1,4-डायॉक्सेन मिसळलं जाऊ लागलं. त्या काळात ‘सेफ्टी सॉल्व्हंट’ या नावानंही ते विकलं जायचं. सेफ्टीचा इथला अर्थ मुख्यतः पेट न घेणारा, एवढाच.

सहज मोडत नाही हा गुणच पुढे दोष ठरला. 1,1,1-ट्रायक्लोरोइथेन हवेत सरासरी पाच वर्षं टिकतं, म्हणजे त्याचा काही भाग ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार 16 सप्टेंबर 1987 रोजी झाला तेव्हा त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सफाईतलं सीएफसी-113 होतं. 1990 च्या लंडन दुरुस्तीनं कार्बन टेट्राक्लोराइड आणि 1,1,1-ट्रायक्लोरोइथेन आणलं. विकसित देशांसाठी 1 जानेवारी 1996 ही शेवटची तारीख ठरली. ट्रायक्लोरोइथिलीन या यादीत नव्हतं. ज्या दुहेरी बंधामुळे ते 1966 मध्ये बाद झालं, त्याच बंधामुळे ते आता ‘ओझोनला निर्धोक’ ठरलं आणि अनेक टाक्यांत परत आलं.

भारत 1992 मध्ये करारात सामील झाला. इथला मोठा प्रश्न कार्बन टेट्राक्लोराइडचा होता, कारखान्यातल्या भाषेत ‘सीटीसी’चा. क्लोरोफॉर्मच्या कारखान्यात ते आपसूक तयार होतं, म्हणून स्वस्त. कापडावरचे डाग काढायला आणि धातू पुसायला ते सर्रास वापरलं जायचं. यकृतासाठी ते घातक आहे. विकसनशील देशांना 1 जानेवारी 2005 पर्यंत 85 टक्के कपात आणि 1 जानेवारी 2010 पर्यंत पूर्ण बंद असं बंधन होतं. 1,1,1-ट्रायक्लोरोइथेनसाठी 2015 पर्यंत मुदत होती. देशातले नियम 2000 साली आले.

मग बदल्यात काय वापरायचं? वाद इथेच आहे. ट्रायक्लोरोइथिलीनच्या बाजूचे मुद्दे फालतू नव्हते. टाकी तीच, कॉइल तीच, फक्त तापमानाची मांडणी बदलायची. पाण्यावर चालणारी धुलाई लाइन बसवायची तर जागा हवी, ड्रायर हवा, सांडपाण्यासाठी ईटीपी (शुद्धीकरण यंत्रणा) हवी, आणि लोखंडी जॉबला लगेच गंज चढणार नाही याची तजवीज हवी. चार-पाच माणसांच्या लघुउद्योगाला हे झेपणारं नव्हतं. शिवाय सीटीसीनं चिंधी भिजवून हातानं पुसण्यापेक्षा कॉइल लावलेली टाकी बरीच, हेही खरं.

दुसरी बाजू अशी की कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं 1995 मध्येच ट्रायक्लोरोइथिलीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं होतं. 2012 मध्ये ‘बहुधा’ हा शब्दही गेला. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा पुरेसा ठरला. तरी हा मुद्दा हिशेबात येणं अवघडच होतं, कारण ओझोनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मदतीचा हिशेब ओझोन-क्षयाच्या किलोंमध्ये मांडला जायचा. टाकीच्या काठावर उभ्या माणसानं किती वाफ श्वासात घेतली, याला त्या कोष्टकात रकाना नव्हता. ओझोनचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. ते काम जगानं खरोखर करून दाखवलं आहे. पण द्रव बदलायला पैसा आणि मुदत ठरवताना टाकीला झाकण, वाफ ओढणारी व्यवस्था आणि जॉब सावकाश वर आणणारा होइस्ट यांची अट सोबत घालता आली असती. जर्मनीनं 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात नियम कडक करत उद्योगाला बंदिस्त यंत्रांकडे ढकललं, म्हणजे असं यंत्र तेव्हा ठाऊक होतं.

या काळातच जमिनीखालची गोष्ट पुढे आली. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड आहे. कारखान्यामागे ओतलेला टाकाऊ द्रव भूजलात तरंगत नाही, तर तळापर्यंत बुडून दशकानुदशकं झिरपत राहतो. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून विहिरींत तो सापडू लागला. तिथे पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम ठरली. ‘सेफ्टी सॉल्व्हंट’मधलं 1,4-डायॉक्सेन तर पाण्यात पूर्ण मिसळतं आणि मूळ सॉल्व्हंटच्या कितीतरी पुढे वाहत जातं.

पाण्यावरची धुलाई महाराष्ट्रात आधीपासून होतीच. रंगाआधीची ‘सेव्हन टँक’ लाइन कोणत्याही शीट मेटलवाल्याला तोंडपाठ असते: डिग्रीझिंग, पाणी, डीरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. जॉबवर पाण्याचा पडदा न फाटता टिकला तर तेल गेलं, ही तिथली परीक्षा आजही सगळ्यांत विश्वासाची. ही पद्धत हवेतला त्रास कमी करते, पण तो स्लजच्या (गाळाच्या) रूपानं ईटीपीत जमा होतो, आणि बारीक भोकांच्या, आंधळ्या (एका बाजूनं बंद) छिद्रांच्या भागांत पाणी अडकून बसतं. अशा भागांसाठी वाफेची टाकी सुटली नाही.

म्हणून नव्या द्रवांचा शोध चालूच राहिला. 1990 च्या दशकात एन-प्रोपिल ब्रोमाइड आलं; 71 अंशांना उकळणारं, जुन्याच टाकीत चालणारं. अमेरिकेत त्याचा गोंद वापरणाऱ्या गादी-कारखान्यांतल्या कामगारांच्या पायांची संवेदना गेली. तिथल्या तज्ज्ञांनी सुचवलेली हवेतली मर्यादा दहा पीपीएमवरून (हवेच्या दशलक्ष भागांत दहा भाग) 2014 मध्ये 0.1 पीपीएमवर आली, आणि 2022 मध्ये ते घातक वायुप्रदूषकांच्या यादीत गेलं. भारतानं 1 जानेवारी 2020 पासून ओझोनला धक्का लावणारं एचसीएफसी-141बी बंद केलं, जे फोमसोबत सफाईतही वापरलं जायचं.

सध्या पुढे केले जाणारे फ्लोरीनयुक्त द्रव माणसाला तुलनेनं सौम्य आहेत. मात्र युरोपात 2023 मध्ये पाच देशांनी मांडलेल्या पीफास (निसर्गात सहज न मोडणारी फ्लोरीनयुक्त रसायनं) यांच्यावरच्या निर्बंधाच्या प्रस्तावात त्यांच्यातले बरेच येतात. किलोमागे ते इतके महाग पडतात की उघड्या टाकीतून उडू देणं मालकाला परवडत नाही. त्यामुळे अशा द्रवाची यंत्रं झाकण, दुहेरी कॉइल आणि सावकाश चालणाऱ्या होइस्टसह बसवली जातात.