भयकादंबऱ्यांच्या ऑक्टोबरी याद्या : पार्श्वभूमी

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला की मुंबईतल्या मराठी वाचकांच्या गटांत एक विचारणा फिरू लागते : हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या पाश्चात्त्य भुताखेतांच्या सणाला, वाचायला एखादी भयकादंबरी सुचवा. अट कादंबरीचीच असते, कथासंग्रह नको. उत्तरांतली नावे फारशी बदलत नाहीत. नारायण धारपांच्या पाच-सहा कादंबऱ्या येतात, ‘ड्रॅक्युला’चे एखादे भाषांतर येते. मग कुणीतरी रत्नाकर मतकरींचा गूढकथांचा संग्रह पुढे करतो आणि ‘पण ही कादंबरी नाही’ म्हणून त्याला परत पाठवले जाते. मराठीत या प्रकारचे सगळ्यात चांगले लेखन ज्या आकारात झाले, तोच आकार यादीच्या दारात अडतो. त्यामागचा इतिहास थोडा गुंत्याचा आहे.

हॅलोविनला भीतीची पुस्तके सुचवायची पद्धत पश्चिमेतही तशी ताजीच. त्या दिवशी एकमेकांना भयपुस्तक भेट द्यावे, ही कल्पना एका इंग्रज लेखकाने २०१० मध्ये मांडली. त्याआधीच्या इंग्लंडात भूतकथांचा हंगाम होता नाताळचा. एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांचे नाताळ विशेषांक निघत आणि त्यांत भूतकथा हमखास असे. मुंबईत ३१ ऑक्टोबर आला तो मॉल, वांद्र्याचे पब आणि पवईसारख्या ठिकाणच्या सोसायट्यांतल्या मुलांच्या पार्ट्यांतून. त्याच वांद्र्यात दोन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावतात. ती प्रथा शहरात कितीतरी जुनी आहे, आणि तिचा हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्यांशी काडीचा संबंध नाही.

मराठी भयकथेचा हंगाम मात्र दिवाळीचा. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये मुंबईतून पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी नाताळ विशेषांकांचा नमुना समोर ठेवून. तेव्हा हॅलोविन ‘आपल्याकडे कुठून आले’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा बेताने मुरडावे. आपल्या भयकथेचे माहेरघरही तिथूनच आणलेल्या आराखड्यावर उभे आहे. पुढे ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी रहस्य, गूढ आणि विज्ञानकथेला हक्काची पाने दिली. पण ती पाने मोजकी होती. जाहिराती, राशिभविष्य आणि व्यंगचित्रे यांच्या मधल्या जागेत बसेल एवढीच गोष्ट लिहायची, शेवटच्या परिच्छेदात वाचकाच्या पायाखालची फरशी काढून घ्यायची, की संपले. मतकरींची गूढकथा ही या शिस्तीतली अव्वल कामगिरी. वाड्यातले भूत त्यांनी शहरी मध्यमवर्गाच्या घरात आणले, तेही बहुतेकदा भूत न दाखवता.

कादंबरी आली ती दुसऱ्या वाटेने, सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या. गिरगाव, दादर, लालबाग, परळ, पार्ले, पुढे ठाणे-डोंबिवली. स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात भिंतभर पुस्तके, अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. खाकी कव्हर, पाठीवर शाईने घातलेला नंबर. या धंद्याला हवी होती दोन दिवसांत वाचून होणारी आणि परत करताना ‘याच लेखकाचे दुसरे आहे का’ असे विचारायला लावणारी कादंबरी. धारपांनी ती वर्षानुवर्षे पुरवली. त्यांचे ‘समर्थ’ हे अमंगळाशी लढणारे पात्र पुस्तकामागून पुस्तकात येत राहिले, याला लेखकाच्या आवडीइतकीच लायब्ररीवाल्याच्या गिऱ्हाइकाची सवयही कारण असावी. समीक्षकांनी या कपाटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. साहित्याच्या इतिहासांत त्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो, तोही ‘रंजनपर’ असा शिक्का मारून.

आता खरा वाद. यादीत धारपांची ‘लुचाई’ घ्यायची की नाही, आणि घेतली तर कशी?

‘लुचाई’ ही अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या रक्तपिपासूच्या कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांच्या आणखीही काही पुस्तकांचे मूळ इंग्रजीत सापडते. त्या काळच्या बहुतेक वाचकांना याची कल्पना नव्हती. किंगची पुस्तके फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळत, पण तिथे चाळणारा आणि लालबागच्या लायब्ररीत रांगेत उभा राहणारा क्वचितच एक असे. आज दोन्ही पुस्तके एकाच फोनवर मिळतात आणि तुलना करायला दुपार पुरते. म्हणून काही याद्या अशी पुस्तके गाळतात, काही त्यांच्यापुढे कंसात ‘रूपांतर’ लिहितात, तर काही मूळ इंग्रजी पुस्तकच सुचवून मोकळ्या होतात.

गाळणाऱ्यांची बाजू कायद्याला धरून आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचा. शिवाय मूळ लेखकाला श्रेय देऊन रूपांतर करणे मराठीला अवघड नव्हते. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ लिहिले तेव्हा ते ‘हॅम्लेट’ आहे हे लपवले नव्हते. रंगभूमीवर मूळ सांगणे हा अभिमानाचा भाग होता. लायब्ररीच्या कपाटात मात्र ‘एका इंग्रजी कादंबरीवरून’ एवढी ओळही अनेकदा नसे. ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

तरीही गाळणे मला पटत नाही. लोककथेतली भुते आपल्याकडे भरपूर : हडळ, मुंजा, समंध, खवीस, चकवा, झोटिंग. गिरणगावच्या चाळींत कोकणातून आलेल्या माणसांनी ती भुतेही आणली आणि रात्रीच्या गप्पांत रंगवली. पण ही भुते कादंबरीला पुरत नाहीत. मुंजा पिंपळावर बसतो, चकवा वाट चुकवतो, गोष्ट दहा मिनिटांत संपते. हडळीला आपले वैर असते, कारस्थान नसते. दोनशे पानांच्या कादंबरीला लागते ते बेत आखून गावात शिरणारे, एकेक घर ताब्यात घेणारे अमंगळ. तो साचा इंग्रजीत तयार होता, आणि धारपांनी तो घेतला.

घेतल्यावर मात्र खरे काम सुरू होते. पाश्चात्त्य रक्तपिपासू येतो तो क्रूस, पवित्र पाणी आणि पाद्री घेऊन. त्याला मराठी गावात आणले की ही सगळी हत्यारे निकामी. वाईटाला रोखणारे काय आहे, याचे उत्तर नव्याने शोधावे लागते, आणि ते सापडले नाही तर कथा कोसळते. गंडे-दोरे आणि मांत्रिक हे सोपे उत्तर होते. समर्थांच्या कथांतून धारपांनी त्यापेक्षा वेगळे काही उभे केले : एका माणसाची साधना, संयम आणि मनाचे बळ. नुसती नावे बदलून हे होत नाही. कंसात ‘रूपांतर’ लिहावे आणि पुस्तक यादीत ठेवावे, एवढे केले तरी पुरे.

या वादाला अलीकडे एक मजेदार वळण मिळाले. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटात सुरुवातीला येणाऱ्या म्हातारीचे बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि ‘आजी’चे मूळ पुन्हा किंगच्याच एका कथेत. नावही उसनेच, श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला तेव्हा त्याची ओळख होती ती अस्सल कोकणी मातीतली भयकथा म्हणून. ती ओळख खोटी म्हणता येणार नाही : संततधार, पडका वाडा आणि खजिन्याची हाव यांतले काही अमेरिकेहून आलेले नाही.

मधल्या काळात लायब्ररीचे गाळे एकेक करून मोबाइलच्या दुकानांना गेले. धारपांची बरीच पुस्तके काही वर्षे मिळेनाशी झाली होती; नंतर ती नव्या मुखपृष्ठांसह छापली गेली आणि लायब्ररीचा लेखक प्रथमच विकत घेऊन वाचण्याचा लेखक झाला. २०१६ मध्ये कोकणातल्या वाड्यावर बेतलेली एक मालिका घरोघरी पोचली. तिच्यावर अंधश्रद्धा पसरवण्याचा आरोप झाला, जो या प्रकारावर दर काही वर्षांनी होतोच. २०१७ च्या अखेरीस एका परदेशी कंपनीने ऑडिओबुकचे दालन मराठीतही उघडले. कानांनी ऐकणाऱ्याला पानांची संख्या दिसत नाही. त्यामुळे कथा, दीर्घकथा आणि कादंबरी यांतली भिंत तिथे पातळ झाली, आणि विरार लोकलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्यांना चाळीस मिनिटांची गूढकथा कादंबरीहून सोयीची वाटू लागली.

याद्यांनी हे अजून मनावर घेतलेले नाही. अट कादंबरीचीच राहते, त्यामुळे मतकरी बाहेर राहतात आणि दीर्घकथेत काम करणारे आजचे लेखकही. त्यात तारखांची आणखी एक गंमत. दिवाळी बऱ्याचदा ३१ ऑक्टोबरच्या आगेमागेच पडते. २०१६ मध्ये त्या दिवशी पाडवा होता, २०२४ मध्ये नरक चतुर्दशी. म्हणजे हॅलोविनसाठी कादंबरी शोधणाऱ्याच्या घरात त्याच आठवड्यात दिवाळी अंकांचा गठ्ठा येऊन पडलेला असतो, त्यात दोन-तीन नव्या, कोऱ्या भयकथा असतात, आणि यादी करणाऱ्याने बहुधा ते अंक अजून उघडलेलेही नसतात.