समितीतील नागरिकाची जागा: मुंबईच्या पदपथापासून विदर्भाच्या आठवडी बाजारापर्यंत

विदर्भातील तालुक्याच्या गावांत अलीकडे 'नगर पथविक्रेता समिती' हे नाव कानावर येऊ लागले आहे. रस्त्यावरील विक्रीसंबंधीच्या २०१४ च्या कायद्याखाली नेमल्या जाणाऱ्या या समितीचे अध्यक्ष नगरपंचायतीचे मुख्याधिकारी असतात. विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक कोठे झालेली असते, कोठे व्हायची असते, आणि सदस्यांच्या यादीत पोलीस, बँक, व्यापारी संघ यांच्या जोडीला रहिवासी संघाचा आणि स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी असा उल्लेख असतो. बाजारात पोते अंथरून बसणाऱ्या बाईला यावर साधा प्रश्न पडतो: माल आमचा, जागा नगरपंचायतीची, मग हा तिसरा कोण आणि तो कोणाच्या बाजूने बोलणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला मात्र मुंबईच्या पदपथांपर्यंत आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, कारण ही तिसरी जागा तेथे तयार झाली आणि मग कायद्याबरोबर आपल्याकडे आली.

मुंबईत रस्त्यावर विक्री करणाऱ्यांचे नियमन १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली होत आले आहे. त्यातील कलम ३१३-अ प्रमाणे परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकता येत नाही आणि कलम ३१४ प्रमाणे आयुक्तांना पूर्वसूचना न देता असा माल आणि मांडणी हटवता येते. या चौकटीत दोनच पक्ष होते, परवाना देणारी पालिका आणि परवाना मागणारा फेरीवाला. १९७८ नंतर पालिकेने नवे परवाने देणे जवळजवळ थांबवले. शहर वाढत राहिले, गिरण्यांतून बाहेर पडलेले कामगार आणि गावाकडून आलेली माणसे पदपथावर बसत राहिली, आणि परवानाधारकांचा आकडा सुमारे पंधरा हजारांवर अडकला. बाकीचे सगळे कायद्याच्या नजरेत अनधिकृत ठरले. त्यातील अनेकांकडून पालिका दररोज पावती फाडून शुल्क घेत असे, आणि त्याच पालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी त्यांचा माल उचलून नेत असे. पैसे घ्यायचे आणि हक्क मात्र द्यायचा नाही, या व्यवहाराने पुढच्या सगळ्या भांडणाची पायाभरणी केली, असे माझे मत आहे.

१९८५ चा जुलै महिना या इतिहासात महत्त्वाचा आहे. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या याचिकेवर सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ३ जुलै रोजी निकाल दिला आणि अवघ्या आठवडाभराने, १० जुलै रोजी, पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. फेरीवाल्यांच्या निकालात न्यायालयाने कलम ३१३ व ३१४ वैध मानली, पण शहरात फेरीवाला क्षेत्रे आणि ना-फेरीवाला क्षेत्रे आखावीत आणि शक्यतो लगतच्या प्रत्येक दोन प्रभागांसाठी एक फेरीवाला क्षेत्र असावे, असे सुचवले. याच निकालात एक छोटी सूचना आहे, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. योजनेत बदल करण्यापूर्वी आयुक्तांनी फेरीवाले, पोलीस आयुक्त आणि जनतेच्या प्रातिनिधिक संघटना या सर्वांना विश्वासात घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. अशी एक नागरी संघटना त्या खटल्यात न्यायालयापुढे उभीही राहिली होती. आज नगरपंचायतीच्या समितीत रहिवाशांच्या प्रतिनिधीला जी जागा मिळते, तिचा उगम मला या सूचनेत दिसतो.

चार वर्षांनी, १९८९ मध्ये, दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने रस्त्यावरील विक्री हा अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले; वाजवी निर्बंध घालता येतील, पण हा व्यवसाय मुळातच बेकायदा आहे असे म्हणता येणार नाही. हक्क मान्य झाला. जागा कोणती आणि ती ठरवायची कोणी, हे प्रश्न तसेच राहिले.

१९९० च्या दशकात मुंबईतील नागरिक संघटित झाले ते आधी कचऱ्यासाठी. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनसारख्या ठिकाणी गल्लीतील रहिवाशांनी पालिकेच्या साहाय्याने परिसराची जबाबदारी घेतली आणि तो नमुना 'प्रगत परिसर व्यवस्थापन' या नावाने शहरभर गेला. कचऱ्याचे वर्गीकरण करता करता या गटांची नजर पदपथाकडे वळणे स्वाभाविक होते. त्याच सुमारास, १९९७-९८ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'युवा' ही स्वयंसेवी संस्था यांनी पालिकेसाठी केलेल्या गणनेत पालिकेच्या जागांवर १,०२,४०१ फेरीवाले आढळले. परवानाधारकांच्या कितीतरी पट असलेला हा आकडा पाहून दोन्ही बाजू जाग्या झाल्या. विक्रेत्यांच्या बाजूने १९९८ मध्ये नासवी हा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि त्याच वर्षी सार्वजनिक जागांच्या रक्षणासाठी मुंबईत सिटीस्पेस हा नागरिक मंच स्थापन झाला. विविध वस्त्यांतील रहिवासी गटांना एकत्र आणून या मंचाने फेरीवाला क्षेत्रांच्या प्रस्तावांवर हरकती घेतल्या आणि न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली.

या नागरिकांची तक्रार खोटी नव्हती, हे गावाकडून पाहणाऱ्याने आधी मान्य केले पाहिजे. शाळा सुटताना मुलांना रस्त्यावरून चालावे लागणे, रुग्णालयाच्या फाटकाशी रुग्णवाहिका अडकणे, म्हाताऱ्या माणसाला घरापुढचा पदपथ वापरता न येणे, या गोष्टी रोजच्या होत्या. मात्र या लढाईत 'नागरिक' या शब्दाचा अर्थ हळूहळू आकसत गेला. ज्याच्याकडे सोसायटीचा पत्ता आहे, वकील करण्याची ऐपत आहे आणि सभेला येण्याइतका वेळ आहे, तो नागरिक; आणि जो समोर पदपथावर बसला आहे, तो प्रश्न. कामावरून परतताना स्थानकाबाहेर भाजी घेणाऱ्या लाखो बायकांची संघटना कधी झाली नाही. त्यामुळे फेरीवाल्याचे खरे गिऱ्हाईक न्यायालयात कोणत्याच बाजूने बोलले नाही. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव आहे.

९ डिसेंबर २००३ रोजी महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे निर्बंध घातले, ते आज गावोगावच्या नोटिसांमध्ये दिसतात: प्रार्थनास्थळे, शाळा आणि रुग्णालयांपासून १०० मीटर, रेल्वे स्थानक आणि मंडईपासून १५० मीटर अंतर, एक मीटर बाय एक मीटर जागा, पदपथावर स्वयंपाक नाही. अंमलबजावणीसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली गेली. पुढचा प्रवास वेगाने सांगता येईल. २००४ मध्ये पहिले राष्ट्रीय धोरण आले आणि २००९ मध्ये ते सुधारले. २०१० च्या गेंदाराम निकालात न्यायालयाने धोरण पुरेसे नाही, कायदा करा, असे सांगितले. ९ सप्टेंबर २०१३ रोजी, पुन्हा महाराष्ट्र एकताच्याच खटल्यात, कायदा येईपर्यंत २००९ च्या धोरणाप्रमाणे समित्या नेमण्याचा आदेश झाला. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियमाला ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ मेपासून अमलात आला.

या कायद्याने तिसऱ्या पक्षाला पक्की जागा दिली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि किमान १० टक्के स्वयंसेवी व स्थानिक समुदाय संस्थांचे. शिवाय व्यापारी संघ, रहिवासी संघ आणि बँका यांना प्रतिनिधित्व. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, पहिले सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी, नाशवंत माल जप्त झाला तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करावा, अशा तरतुदी त्यात आहेत. महाराष्ट्राचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये आली. मुंबईत मात्र अंमलबजावणी रखडत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेल्यावर फेरीवाल्यांविरुद्ध रोष उसळला आणि १ नोव्हेंबर रोजी उच्च न्यायालयाने १०० आणि १५० मीटरचे निर्बंध पुन्हा अधोरेखित केले. समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मुंबईत मतदान झाले ते थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि मतदार यादीत होते ३२,४१५ जण.

आता आपल्याकडे येऊ. विदर्भातील बाजाराची घडण पदपथासारखी नाही. गुजरी रोज भरते, आठवडी बाजार ठरलेल्या वारी भरतो, आणि ग्रामपंचायत असताना बाजाराची जागा, चिठ्ठीचा दर आणि वसुलीचा हर्रास (लिलाव) हे सगळे पंचायतीच्या हाती असे. ज्याने हर्रास घेतला त्याचा माणूस दुपारी चिठ्ठ्या फाडत फिरे. बसण्याची जागा मात्र चिठ्ठीने ठरत नसे. आमच्या तालुक्याच्या बाजारात मी लहानपणापासून पाहत आलो आहे की पहाटे काळीपिवळीतून सांबार (कोथिंबीर), भेदरं (टोमॅटो) आणि ढेमशांची पोती उतरण्यापूर्वीच जागा धरलेल्या असतात, आणि जागा धरण्याची खूण म्हणजे एक अर्धी वीट. विटेला कोणी हात लावत नाही. एखादी बाई आजारी पडून दोन बाजार आली नाही, तर शेजारीण तिच्या जागेपर्यंत आपले पोते पसरते, आणि ती परतली की न सांगता मागे घेते. "हे माह्या सासूची जागा हाय," एवढे एक वाक्य तेथे कागदाचे काम करते. तंटा झालाच तर आजूबाजूचे चार जण आणि गिऱ्हाईक म्हणून आलेला एखादा जाणता माणूस तो मिटवतात. म्हणजे नागरिकांचा सहभाग आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून होता. तो तक्रारदाराचा नव्हता, बाजार करणाऱ्याचा होता, कारण सकाळी वांगी विकणारा शेतकरी दुपारी त्याच बाजारातून तेल-मीठ घेऊन घरी जातो.

या घडणीवर २०१४ मध्ये दोन बदल एकदम आले. राज्य शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षभरात सेलू, समुद्रपूर, राळेगाव, मारेगाव, तिवसा, धारणी, कुरखेडा अशी गावे कागदोपत्री नागरी झाली. पथविक्रेता अधिनियम फक्त नागरी स्थानिक संस्थांना लागू आहे. ग्रामपंचायतीच्या बाजाराला तो लागत नाही. त्यामुळे ज्या बाजारांचा मुंबईच्या खटल्यांशी काडीचा संबंध नव्हता, ते सीमारेषेच्या एका फटक्यात त्या खटल्यांचे वारस झाले.

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात हा बदल अधिक खोल गेला. अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठी असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला देण्याची तरतूद केली आणि महाराष्ट्राचे पेसा नियमही नेमक्या ४ मार्च २०१४ रोजीच निघाले, ज्या दिवशी पथविक्रेता अधिनियमावर स्वाक्षरी झाली. कुरखेडा, धानोरा, कोरची, एटापल्ली येथील लोकांना एका बाजूने बाजारावरचा ग्रामसभेचा हक्क मिळत होता, आणि दुसऱ्या बाजूने त्यांचे गाव नगरपंचायत होऊन ग्रामसभाच राहत नव्हती. जेथे प्रत्येक प्रौढ माणूस बसून बोलू शकत होता, तेथे आता मोजक्या सदस्यांची समिती आली. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. समितीतील दहा टक्के जागा ग्रामसभेची भरपाई करू शकत नाही. ती जागा भरताना किमान पूर्वीच्या ग्रामसभेतील माणसांना विचारले जावे, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

कायद्यातील आणखी दोन शब्दयोजना आपल्या बाजाराला अडतात. प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याची हमी द्यावी लागते. दोन एकर कोरडवाहू शेती असलेला, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) कडेला लावलेली भाजी हंगामात विकणारा माणूस ही हमी प्रामाणिकपणे कशी देणार? आणि सोमवारी एका गावी, गुरुवारी दुसऱ्या गावी, शनिवारी तिसऱ्या गावी पाल ठोकणारा कापडवाला कोणत्या नगरपंचायतीच्या यादीत यावा, जेव्हा त्यातली दोन गावे अजून ग्रामपंचायतीच आहेत? फिरत्या विक्रीची व्याख्या कायद्यात आहे, पण ती एकाच शहरात गल्लोगल्ली फिरणाऱ्या हातगाडीला समोर ठेवून केलेली वाटते. या प्रश्नांवर मत देण्याचा अधिकार समितीतील नागरी प्रतिनिधीला आहे, आणि मुंबईच्या प्रतिनिधीला ते कधी पडलेच नव्हते.

आपल्या उपयोगाची एक तरतूद मात्र या कायद्यात आहे. जेथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत, त्याला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो, आणि सर्वेक्षणात अशी नोंद झालेला बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. ही नोंद समितीसमोरच्या सर्वेक्षणातून होते. सर्वेक्षणाचे कर्मचारी बाजाराच्या वारी आले, तर त्यांना पोत्यांच्या रांगा, पाले आणि शेकडो माणसे दिसतील आणि तशी नोंद होईल. इतर वारी आले, तर त्याच मैदानात त्यांना रिकामे ओटे, दोन-तीन हातठेले आणि ओळीने ठेवलेल्या काही अर्ध्या विटा दिसतील. सर्वेक्षणाची तारीख ठरवण्याच्या बैठकीला रहिवाशांच्या प्रतिनिधीचीही खुर्ची असते.