हस्तलिखित कादंबऱ्या (शोऊछाओबन)

चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966–76) हाताने उतरवून गुपचूप फिरवलेल्या कथा-कादंबऱ्या म्हणजे शोऊछाओबन. परदेशी आणि जुन्या चिनी साहित्यावर 'विषारी तण' असा शिक्का बसला होता. प्रेमकथा तर सरळ भांडवलदारी चाळा ठरे. डिसेंबर 1968 मधल्या माओंच्या आदेशानंतर शहरांतली लाखो शिकलेली मुले 'पुनर्शिक्षणा'साठी खेड्यांत धाडली गेली आणि त्यांच्याबरोबर या वह्याही प्रांतोप्रांती पोचल्या.

पुस्तक मिळे ते एक-दोन रात्रींपुरते. चिनी अक्षरे घाईने उतरवली तर तासाला साधारण 1,000 ते 1,500 होतात असे धरू. लाखभर अक्षरांच्या कथेला एकट्याचे 70 ते 100 तास लागणार. म्हणून वहीची शिवण उसवून पाने वाटून घ्यायची, की आठ-दहा जणांत रात्रीत काम उरके. घोटाळा व्हायचा तो सांध्यावर: एखादे पान दोघांनी लिहिलेले, एखादे कुणीच नाही. कार्बन लावला तर खालच्या प्रतीत दाट रेघांच्या अक्षराचा नुसता ठिपका उरे आणि पुढचा नकलकार तिथे अंदाजाने भर घाली. कुणी कंटाळून वर्णने गाळी, कुणी शेवटच बदली. लेखकाचे नाव सहसा नसेच. हस्ताक्षर मात्र लपत नाही, आणि पकडले गेल्यावर तोच पुरावा.

सर्वांत गाजलेले उदाहरण चांग यांग यांच्या कादंबरीचे. 1963 पासून त्यांनी ती अनेकदा नव्याने लिहिली. फिरत्या वहीचे बाहेरचे पान आधी फाटते, त्याबरोबर नावही जाते. 'दुसरे हस्तांदोलन' हे आजचे शीर्षक वाचकांनीच दिलेले. ते चपखल आहे, कारण शास्त्रज्ञ नायक-नायिकेची जवळीक हस्तांदोलनापलीकडे फारशी जात नाही. तरीही जानेवारी 1975 मध्ये लेखकाला अटक झाली. 'तरुणीचे हृदय' ही उघड कामुक वहीही त्याच वाटांनी फिरे. जप्ती करणाऱ्यांच्या लेखी दोन्ही सारख्याच.

चांग जानेवारी 1979 मध्ये सुटले. त्याच वर्षी कादंबरी छापून आली आणि तिच्या 40 लाखांहून अधिक प्रती खपल्या. छपाईपूर्वी त्यांनी मजकुरावर पुन्हा हात फिरवला होता, त्यामुळे जुन्या वह्या छापील पुस्तकाशी जुळत नाहीत, आपापसांतही नाहीत.