रिमचा पोचा आणि आऊट काढणे

सायकलच्या चाकाची बाहेरची गोल धातूची कडी म्हणजे रिम. दगडावर, खड्ड्याच्या कडेवर किंवा वाळून टणक झालेल्या चाकोरीवर चाक आदळले की रिमला पोचा पडतो किंवा ती आडवी वाकते. मग फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलते. या डुलण्याला सायकल दुकानात ‘आऊट’ म्हणतात. साध्या हत्यारांनी रिम पुन्हा गोल आणि सरळ करणे म्हणजे पोचा काढणे व आऊट काढणे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी पोचा, मग आऊट. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, हे काम बसस्थानकाशेजारच्या आणि बाजारपेठेच्या तोंडाशी असलेल्या छोट्या दुकानांत चालते. ‘चाक वाकडं व्हई गयं’ एवढेच सांगून माणूस सायकल उलटी करून ठेवतो. पुढचे निदान दुकानदाराचे.

तापीखोऱ्यातल्या काळ्या मातीचा या दुखण्याशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लिंपून बसते. पाऊस संपला की बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच सुकतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या कडा विटेसारख्या कठीण होतात. अशा शिवाररस्त्याने दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा किंवा ज्वारीचे पोते लादलेली सायकल चालली की मागच्या चाकावर सगळा भार येतो. त्यात हवा कमी असली तर टायर पूर्ण दबतो आणि दगड थेट रिमला भिडतो. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडलेली दिसली, तर पंक्चर काढण्याआधी त्या जागी रिमवरून बोट फिरवून पाहावे. पोचा बहुधा तिथेच असतो.

हवा कमी ठेवण्यामागे एक गैरसमज आहे आणि तो खोडून काढणे गरजेचे आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, ट्यूब फुटेल या धास्तीने लोक हवा कमीच भरतात. प्रत्यक्षात २५ अंशांना ४५ पौंड भरलेली हवा ४५ अंशांपर्यंत तापली तरी दाब ४९ पौंडांच्या आसपास जातो. चांगल्या टायर-ट्यूबला तेवढी वाढ सोसते. सायकल भर उन्हात उभी करू नये, हे खरे. पण सैल टायरवर ओझे वाहिल्याने रिमचे नुकसान कितीतरी जास्त होते.

चाक कसे उभे राहते, हे कळल्याशिवाय दुरुस्तीचा क्रम कळत नाही. बैलगाडीचे चाक आपल्या लाकडी आऱ्यांवर उभे असते. ओझे चाकाच्या मधल्या तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर आणि तिथून जमिनीवर उतरते. लोहार तापवलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्ट्याचे कडे, चाकावर चढवून पाणी ओततो, धाव आकसते आणि सगळे आरे आत दाबले जातात. सायकलच्या चाकातल्या तारांनाही आरेच म्हणतात, पण त्यांचे काम उलटे. सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार दाबाखाली लगेच वाकेल. ती ताणातच काम करते. हबच्या, म्हणजे सायकलच्या चाकाच्या तुंब्याच्या, दोन्ही बाजूंनी निघालेले आरे रिमला आतून सतत ओढत असतात आणि या ओढाताणीच्या तोलावर चाक सरळ राहते. जुन्या धाटणीच्या २८ इंची काळ्या सायकलला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० आरे असतात. एकाचा ताण सुटला की शेजाऱ्यांवर भार पडतो आणि रिम विरुद्ध बाजूला सरकते.

म्हणूनच पोचा पडलेली रिम नुसते आरे आवळून सरळ करणे ही चूक आहे, आणि घाईच्या दुकानांत ती वारंवार होते. चाक तेवढ्यापुरते सरळ दिसते, पण वाकलेला धातू वाकलेलाच राहतो आणि त्या जागचे चार आरे जरुरीपेक्षा जास्त ताणले जातात. पंधरा दिवसांत त्यातला एखादा हबजवळच्या वळणावर तुटतो.

नीट काम करणारा कारागीर आधी टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढतो. नुसती कड बाहेर फाकली असेल तर स्क्रू पान्याचा जबडा कडेच्या जाडीला बेताचा बसवतो, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा धरतो आणि थोडे थोडे वळवत जातो. सुरुवात पोच्याच्या दोन्ही टोकांकडून होते, मधला खोल भाग शेवटी. एकदम मधे जोर दिला तर एका पोच्याचे दोन होतात. कड आत दबली असेल तर व्हाइसमध्ये जाड सळई धरून रिम तिच्यावर टेकवतात आणि हातोडीने हलके ठोके देतात. रिमच हबच्या दिशेने बसली असेल, म्हणजे तेवढ्या भागात चाक चपटे झाले असेल, तर तिथल्या चार-सहा आऱ्यांची निपले, म्हणजे आऱ्याचे टोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट, आधी सैल करावी लागतात. मग आतल्या बाजूने बाभळीचा ठोकळा टेकवून बाहेरच्या दिशेने ठोके देतात. लोखंड थोडे मागे येते, म्हणून किंचित जास्त बाहेर काढावे लागते. किती, ते हातालाच कळते.

यानंतर आऊट. चाक परत चिमट्यात, म्हणजे सायकलच्या ज्या दुव्यात ते फिरते त्यात, बसवतात. कारागीर अंगठा चिमट्यावर रोवतो आणि नख रिमच्या इतके जवळ आणतो की चाक फिरवल्यावर फक्त बाहेर आलेला भाग नखाला घासून ‘खर्र’ वाजावा. तिथे खडूची खूण होते. रिम उजवीकडे आली असेल तर त्या जागी हबच्या डाव्या बाजूचे आरे आवळायचे आणि उजव्या बाजूचे तेवढेच सोडायचे, एका वेळी पाव फेरा. निपलाच्या पूर्ण एका फेऱ्यात आरा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच सरकतो, त्यामुळे घाई इथे उपयोगाची नाही. नवख्यांचा गोंधळ दिशेत होतो: टायरच्या बाजूने पाहिले तर निपल घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळते, हबकडून पाहिले तर नेमके उलटे. अधूनमधून आरे बोटाने छेडून पाहतात. ताणलेला आरा टणकन वाजतो, सैल ठप्प बोलतो. एका बाजूचे आरे साधारण एका सुरात आले की चाक जुळत आल्याचे समजावे. शेवटी आऱ्यांच्या जोड्या मुठीत दाबून पुन्हा एकदा आऊट पाहतात, कारण दाबल्यावर आरे आपल्या जागी बसतात आणि थोडा फरक पडतोच.

आऊट किती चालतो, हे ब्रेकवर ठरते. जुन्या सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, हबच्या बाजूने, लागते. तिथे दोन-तीन मिलिमीटर आडवा आऊट खपून जातो, पण चाक वर-खाली उडाले की ब्रेक धक्के देतो. आजच्या अनेक सायकलींत रबर रिमच्या दोन्ही बाजूंना चिमटते. तिथे आडवा आऊट एक मिलिमीटरच्या आत आणावा लागतो.

साधी लोखंडी रिम असे वाकवणे सहन करते. अ‍ॅल्युमिनियमची करत नाही. तिची कड एकदा वाकून परत वळवली की चिरा पडू लागतात, आणि चिरलेली कड हवेच्या दाबाने चालू सायकलवरच फाटू शकते. गरम करून वळवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये: लोखंडी रिमचा मुलामा जळून ती गंजते, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना लाल न दिसताच वितळते. चाकाचा ‘आठ’ झाला असेल, म्हणजे ते आठच्या आकड्यासारखे पिळले असेल, तर ते जमिनीवर आडवे ठेवून उंच भाग गुडघ्याने दाबून घरापर्यंत नेण्याजोगे करता येते, पण ती दुरुस्ती नव्हे. जोडाजवळ चीर असलेली, निपलाची भोके ओढली गेलेली किंवा त्याच जागी दोनदा ठोकलेली रिम बदलावीच. तिच्यावर शाळेत जाणारे मूल बसणार असेल तर दुकानदाराने गिऱ्हाईक नाराज झाले तरी नाही म्हणावे.

काम झाल्यावर निपलाच्या वर आलेली आऱ्याची टोके कानशीने घासतात, नाहीतर नवी ट्यूब त्याच दिवशी पंक्चर होते. मग पट्टी, ट्यूब, टायर. बदललेली रिम वजनावर भंगारात जाते, तिच्यातले सरळ निघालेले आरे मात्र तेलाच्या जुन्या डब्यात जपून ठेवले जातात.