डीएनएस बिघाडामुळे अडलेले लिनक्स अपडेट

इंटरनेट चालू असते, पण लिनक्स लॅपटॉपला अपडेटच्या सर्व्हरचा पत्ता सापडत नाही आणि सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, असा हा बिघाड. उबंटू व डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर अपडेट आणणारा एपीटी हा प्रोग्राम 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' असे लिहून पुढे सर्व्हरचे नाव देतो, तर फेडोरा या प्रकारातला तसाच प्रोग्राम डीएनएफ 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' म्हणतो. दोन्ही ठिकाणी पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उतरवणे सुरूच झालेले नसते, त्याआधी नावावरच गाडी अडलेली असते. "नेट त चालू हाये, मंग अपडेट काऊन होऊन नाही राह्यलं?" हा वऱ्हाडात हमखास ऐकू येणारा प्रश्न बहुतेक वेळा याच बिघाडाबद्दल असतो.

इंटरनेटवरचे यंत्र आकड्यांच्या पत्त्याने ओळखले जाते. नावावरून तो पत्ता मिळवून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तोवर सगळी नावे एकाच फाइलमध्ये ठेवली जात. लॅपटॉपचा प्रश्न बहुधा यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीने, डीएनएस सर्व्हरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे (दाराकडे) जातो. यूडीपीत वाटेत हरवलेले माहितीचे पाकीट आपोआप पुन्हा पाठवले जात नाही. विचारणाऱ्यालाच थांबून परत विचारावे लागते. लिनक्समधली नेहमीची पद्धत एका सर्व्हरसाठी ५ सेकंद थांबण्याची आणि एकूण २ वेळा विचारण्याची आहे. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या गावात सिग्नलची एकच काडी असेल, तर एवढा वेळ पुरत नाही. शिवाय अपडेट एका नावावर भागत नाही. मुख्य भांडार (सॉफ्टवेअर जिथून येते तो सर्व्हर), सुरक्षा भांडार, कोणी जोडलेले एखादे जादा भांडार अशी अनेक नावे विचारली जातात आणि त्यांतले एक जरी अडले तरी पडद्यावर लाल ओळी येतात. अशा वेळी 'टेम्पररी' हा शब्द खरा मानून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे हाच योग्य उपाय.

खेड्यात हा बिघाड जास्त दिसण्याचे दुसरे कारण म्हणजे लॅपटॉपची भटकंती. सकाळी तो ग्रामपंचायतीत भारतनेटच्या लाइनवर असतो (२०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे हे नंतरचे नाव), दुपारी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि संध्याकाळी तालुक्याच्या कॉलेजच्या वायफायवर. प्रत्येक जोडणी आपला डीएनएस सर्व्हर सुचवते. पण कॉलेजच्या लॅबमध्ये कोणी अंतर्गत सर्व्हरचा पत्ता हाताने पक्का करून ठेवला असेल, तर तो लॅबच्या भिंतीबाहेर कामाचा नाही. अर्धवट बंद पडलेले व्हीपीएनही (दुसऱ्या जाळ्यात शिरण्याची खासगी जोडणी) असाच जुना पत्ता मागे ठेवून जाते.

हॉटस्पॉटवर फोनच लॅपटॉपचा डीएनएस सर्व्हर होतो. जुन्या अँड्रॉइड फोनांवर त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.४३.१ असे. फोनवर व्हॉट्सअॅप छान चालते आणि लॅपटॉप मात्र अडतो, याचे कारण बरेचदा इथे सापडते: फोन स्वतःसाठी कंपनीच्या सर्व्हरला थेट विचारतो, पण लॅपटॉपचे प्रश्न पुढे पोचवण्याचे काम त्याच्याकडून नीट होत नाही. हॉटस्पॉट बंद करून परत चालू केला की पुष्कळदा भागते. ब्राउझर चालतो म्हणून डीएनएस ठीक आहे असेही धरू नये. ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' चालू असेल तर तो नावे स्वतःच्या वाटेने विचारतो. एपीटी मात्र लॅपटॉपच्याच व्यवस्थेवर अवलंबून असतो.

तपासणीची सुरुवात चूक दाखवणाऱ्या ओळीतले नाव नीट वाचण्यापासून करावी. तिथे भांडाराऐवजी एखाद्या प्रॉक्सीचे (मध्यस्थ सर्व्हरचे) नाव असेल, तर दोष लॅबमध्ये कधीतरी भरलेल्या प्रॉक्सी सेटिंगचा आहे. नाहीतर १.१.१.१ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करून (उत्तर येते का ते विचारून) पाहावे. उत्तर आले तर लाइन जिवंत आहे. मग 'गेटेंट एहोस्ट्स' या कमांडला तेच नाव द्यावे. ही कमांड एपीटीच्याच वाटेने जाते, म्हणजे लॅपटॉपवरच नावे व पत्ते लिहून ठेवण्याची हॉस्ट्स फाइलही पाहते. डीएनएसला विचारणारी 'डिग' ही कमांड स्वतः ती फाइल पाहत नाही. डिगला पत्ता मिळाला आणि गेटेंटला वेगळाच मिळाला किंवा काहीच मिळाले नाही, तर हॉस्ट्स फाइल उघडावी. कोणीतरी वर्षांपूर्वी लिहिलेला सर्व्हरचा जुना पत्ता तिथे बसलेला सापडू शकतो. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड सध्या कोणत्या सर्व्हरला विचारले जात आहे ते दाखवते.

डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहिलेल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसले की तो आकडा चुकीचा समजून पुष्कळ जण खोडतात. तो बरोबर असतो. तो लॅपटॉपमधल्याच सिस्टमडी-रिझॉल्व्हड या सेवेचा पत्ता आहे आणि खरे बाहेरचे सर्व्हर त्या सेवेला ठाऊक असतात. फाइल हाताने बदलून ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहिणे आणि ती कुलूपबंद करून टाकणे हा गावोगावी चालणारा उपाय त्या दिवसापुरता लागू पडतो, पण पुढे वायफायचे लॉगिन पान उघडत नाही, कॉलेजची अंतर्गत नावे सापडत नाहीत आणि दोष कुठे आहे हे पुढच्या माणसाला कळत नाही. सर्व्हर बदलायचाच असेल तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या एका जोडणीपुरता बदलावा.

जुन्या लॅपटॉपची घड्याळाची बॅटरी संपलेली असेल आणि मुख्य बॅटरीही दम धरत नसेल, तर लाइट गेल्यावर तारीख मागे जाऊ शकते. ज्या लॅपटॉपवर डीएनएसची सही तपासणारे डीएनएसएसईसी चालू केलेले असेल, तिथे चुकीच्या तारखेमुळे खऱ्या सह्याही अवैध ठरतात. घड्याळ इंटरनेटवरून जुळवायचे तर वेळेच्या सर्व्हरचे नाव शोधावे लागते आणि ते नावही त्याच तपासणीत अडकते. अशा वेळी तारीख हाताने भरावी. 'रिलीज फाइल (भांडाराची तारीख असलेली यादी) अजून वैध नाही' अशी एपीटीची तक्रारही चुकीच्या तारखेमुळे येते, मात्र ती डीएनएसची नव्हे. तिथे नाव सापडलेले असते.

या बिघाडात भांडारांची यादी पुसणे किंवा लिनक्स नव्याने टाकणे टाळावे. सेवा केंद्रातल्या लॅपटॉपवर गावकऱ्यांचे सातबारा, जातीचे दाखले, बँकेची कागदपत्रे असतात आणि लिनक्स नव्याने टाकताना ती पुसली जाऊ शकतात. चूक दाखवणारी ओळ त्रासदायक वाटते म्हणून सुरक्षा भांडारच यादीतून काढले, तर लाल ओळ दिसेनाशी होते, सुरक्षा दुरुस्त्या यायच्या थांबतात आणि लॅपटॉप मात्र सगळे अद्ययावत असल्याचे सांगत राहतो.